मेणाच्या घराचं दार

कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं मेणाचं, हे मराठी घरात वाढलेल्या कुणाला शिकवावं लागत नाही. बोलता येण्याआधीच ते कानावरून गेलेलं असतं. मग पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशी येऊन उभा राहतो. ही गोष्ट आजीची, फार तर आजीच्या आजीची, अशी आपली समजूत असते. पण ती लिहून ठेवलेली सापडते थेट लीळाचरित्रात. म्हाइंभटांचा हा ग्रंथ १२७८च्या सुमाराचा. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० साली. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी, मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथात, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या तोंडी शेणाचं घर आणि मेणाचं घर येऊन बसलेलं आहे. तिथे चिमणीच्या जागी साळुंकी आहे, एवढाच फरक. साडेसातशे वर्षांत राज्यं बदलली, लिपीची वळणं बदलली, भाषा ओळखू येऊ नये इतकी बदलली; पावसातलं ते दार मात्र तसंच राहिलं.

लीळाचरित्राची पाळंमुळं शोधायला अहिल्यानगर जिल्ह्यात फार फिरावं लागत नाही. श्रीरामपूर तालुक्यातलं गोदाकाठचं कमालपूर म्हणजे लीळाचरित्रातलं डोमेग्राम. चक्रधरस्वामींचं तिथे मोठं वास्तव्य झालं. म्हाइंभटही याच परिसरातले, गोदावरीकाठच्या सराळ्याचे. विद्वत्तेचा मोठा अभिमान असलेला हा माणूस पुढे चक्रधरांचा शिष्य झाला आणि त्यांच्या पश्चात ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन एकेक आठवण गोळा करत राहिला. दोघांच्या आठवणीत फरक असेल तर महानुभावांनी तो फरकही जपला. ब्रह्मविद्येच्या प्रश्नांइतक्याच काळजीने त्यांनी स्वामींचं जेवण, चालणं, थट्टा आणि गोष्टी टिपल्या. म्हणून कावळ्याची गोष्ट वाचली.

मला थक्क करते ती पुढची बाब. ही गोष्ट जपणारी माणसं घर सोडलेली होती. चक्रधरांची शिकवण अटनाची. गाव, गोत, ओळखीचा मुलूख सोडावा, कुठल्या तरी परक्या टोकाला झाडाखाली आयुष्य काढावं. भिक्षेचं अन्न खायचं, देवळाच्या पडवीत किंवा मठात रात्र काढायची. अशा बिनघरांच्या मेळ्याने मराठीतली सगळ्यांत ऊबदार घराची गोष्ट पुढच्या पिढ्यांच्या हाती दिली. घराची ऊब घरातल्यापेक्षा बाहेरच्याला अधिक स्पष्ट दिसत असणार.

हे सगळं आठवायचं कारण सध्या जगभर गाजणारा कादंबरीचा एक प्रकार. इंग्रजीत त्याला ‘कोझी फँटसी’ म्हणतात. आपण त्याला ऊबदार अद्भुतकथा म्हणू. या कादंबऱ्यांत राक्षस, पऱ्या, चेटकिणी सगळे असतात, पण जग वाचवायचं नसतं. कुणी दुकान थाटतं, कुणी अनाथालय सांभाळतं, कुणी पडकी वास्तू झाडूनपुसून राहती करतं. या प्रकाराला आजची लोकप्रियता मिळवून देणारं पुस्तक म्हणजे ट्रॅव्हिस बाल्ड्रीचं ‘लेजेंड्स अँड लाटेज’. बाल्ड्री व्यवसायाने पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारा. २०२२च्या फेब्रुवारीत त्याने ही कादंबरी स्वतःच काढली. त्याच वर्षी मोठ्या प्रकाशकाने ती पुन्हा छापली आणि पुढच्या वर्षी ती ह्यूगो आणि नेब्युला या दोन्ही पुरस्कारांच्या अंतिम यादीत होती.

गोष्ट साधी आहे. विव्ह ही ऑर्क जातीची, धिप्पाड, तलवारीवर जगलेली बाई. एका शेवटच्या शिकारीत ती एका भयंकर प्राण्याच्या डोक्यातला खडा मिळवते आणि तलवार भिंतीवर टांगून थून नावाच्या शहरात कॉफीचं दुकान काढते. त्या शहरात कॉफी कुणाला माहीतच नाही. जुना तबेला विकत घेणं, कॅल या हॉब जातीच्या अबोल सुताराकडून तो दुरुस्त करून घेणं, टँड्री नावाच्या तरुणीला कामावर ठेवणं, थिंबल या उंदरासारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या कारागिराने दालचिनीचे रोल भाजायला सुरुवात करणं, बऱ्याचशा कादंबरीत एवढंच घडतं. आणि ते वाचताना पुस्तक खाली ठेवावंसं वाटत नाही. तलवार चालवणाऱ्यांच्या जगात फळ्या, खिळे, रंग आणि भट्टी यांनी इतकं कसं गुंतवून ठेवावं?

याचं उत्तर चिमणीकडे आहे. तिची गोष्ट नीट ऐका. कावळा दार उघडायला सांगतो. चिमणी थेट नाही म्हणत नाही, ती काम सांगते. बाळाला न्हाऊ घालायचं आहे. अंग पुसायचं आहे. कपडे घालायचे, काजळ-तीट लावायची, झोपवायचं. दर वेळी एक नवं काम आणि तीच जुनी हाक. ऐकणारं मूल दोन-तीन वर्षांचं असतं, आणि यातलं प्रत्येक काम त्या दिवशी त्याच्यावर झालेलं असतं. सकाळी साबण डोळ्यांत गेला म्हणून जे रडलं, ते संध्याकाळी तोच प्रसंग चिमणीच्या पिल्लावर घडताना ऐकतं. अद्भुत इथे दूरच्या बेटावर नाही. आपलं मोरीतलं पाणी, आपला पंचा आणि आपली काजळाची डबी पक्ष्याच्या घरात निघाली, हे अद्भुत आहे. शिवाय सांगणाऱ्याला ही कामं हवी तितकी वाढवता येतात. मूल जागं असेल तर चिमणी आणखी पेज भरवते, झोप आली असेल तर थेट पाळण्यापर्यंत येते. गोष्टीची लांबी ऐकणाऱ्याच्या पापण्यांवर ठरते.

विव्हचं दुकान याच रीतीने उभं राहतं. एक काम संपतं, दुसरं निघतं, आणि प्रत्येक काम आपल्या ओळखीचं. पहिले काही दिवस गिऱ्हाईक न येणं, मग एकाने चव घेऊन बघणं, मग ‘यासोबत खायला काय आहे’ असं विचारणं. दुकान काढलेल्या प्रत्येक माणसाने हे भोगलेलं असतं. ऑर्क असो वा चिमणी, अनोळखी देहात ओळखीचं काम घातलं की वाचक आत येतो. ही या प्रकाराची सगळ्यांत मोठी ताकद, आणि ती क्षुल्लक मानायला मी तयार नाही. लढाई वर्णन करणं त्या मानाने सोपं. दोन माणसं भिंतीला रंग देताहेत आणि त्यांच्यातला अवघडलेपणा हळूहळू निवळतो आहे, हे पानभर लिहून वाचकाला धरून ठेवणं अवघड. बाल्ड्रीला ते जमलं आहे.

आता ऊब. ऊब स्वतःच्या बळावर जाणवत नाही, तिला बाहेर पाऊस लागतो. चिमणीच्या गोष्टीत तो पहिल्या दोन-तीन वाक्यांतच येतो. अहिल्यानगर जिल्ह्यात बसून हा पाऊस समजून घेण्यात एक वेगळी मौज आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीकडे, तो हजारो मिलिमीटर कोसळतो. कर्जत-जामखेडकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. एकाच जिल्ह्यात घर वाहून नेणारा पाऊसही आहे आणि ज्याच्याकडे डोळे लावून बसावं असाही. कावळ्याची गंमत अशी की लोकज्ञानात पावसाचा जाणकार तोच. तो घरटं कुठल्या झाडावर, किती उंच बांधतो, यावरून शेतकरी पावसाचा अंदाज बांधत आले आहेत. आणि गोष्टीत नेमका तोच पावसाला फसतो.

मेणाचं घर हीसुद्धा निव्वळ कल्पना नाही. मेणाच्या घरात राहणारे जीव खरोखर आहेत. मधमाश्यांच्या कामकरी माश्यांच्या पोटाखालच्या ग्रंथींतून मेणाच्या बारीक चकत्या स्रवतात, त्या चावून मऊ करून माश्या पोळ्याचे षट्कोनी कप्पे उभे करतात आणि त्यांतच पिल्लं वाढवतात. मेण पाणी अजिबात धरत नाही. शेण म्हणजे अर्धवट पचलेल्या गवताचे तंतू. वाळलं की घट्ट, पण पाणी मुरत गेलं की पुन्हा सैल. पावसापुरतं बघितलं तर गोष्टीतली बांधकामाची माहिती चोख आहे.

मेणाला भय उन्हाचं. ते साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडू लागतं. वैशाखात अहिल्यानगरचा पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा चिमणीचं घर वाकलं असतं. त्यातून गोष्टीच्या अनेक रूपांत चिमणीच्या घरात चूल पेटलेली असते. मेणाच्या घरात चूल! साडेसातशे वर्षांत कुणा ऐकणाऱ्याने यावरून गोष्ट थांबवल्याचं कानावर नाही. गोष्ट फक्त आषाढाची आहे आणि तिने वैशाखाकडे बघायचंच नाही असं ठरवलं आहे.

हलक्या अद्भुतकथेचं बळ आणि तिचं दुबळेपण इथे एकाच जागी सापडतं. ती आपल्याला सोयीचा ऋतू निवडते. चिमणीची गोष्ट चार मिनिटांची, तिला ते शोभतं. तीनशे पानांच्या कादंबरीत मात्र दुसरे ऋतू आठवायला लागतात. थूनमध्ये कॉफीच्या बिया किती दुरून येतात, त्या वाटेत कुणाचे हात राबतात, एक आख्खं शहर अनोळखी कडू पेयाला इतक्या चटकन कसं भुलतं? विव्ह तलवारीवर जगलेली. तिने मारलेल्यांचं पुढे काय? या प्रश्नांच्या वाटेला कादंबरी जात नाही, गेली तरी उंबऱ्यावरूनच परतते. तिथली वसुली करणारी टोळी दुकानावर येते तेव्हा आता खरा ताण सुरू होईल असं वाटतं. पण टोळीची प्रमुख, मॅड्रिगल, निघते एक वयस्क, समजूतदार बाई, आणि पैशांऐवजी दर आठवड्याला दालचिनीच्या रोलांवर मिटवते. प्रसंग गोड आहे. पण ज्याने खरी हप्तेवसुली बघितली आहे, त्याच्या मनाला तो पटत नाही. धोका विरघळून जातो आणि त्याबरोबर दुकानाचं मोलही थोडं कमी होतं.

पुढे बाल्ड्री आग आणतो. विव्हचा जुना साथीदार फेनस त्या खड्यासाठी दुकान पेटवून देतो आणि सगळं राख होतं. मेणाच्या घराला ज्याचं भय, तेच आलं. कादंबरीतला हा भाग मला सर्वांत भरीव वाटतो, कारण इथे कळतं की आपण इतकी पानं सुताराचं काम का वाचत होतो. प्रत्येक फळी माहीत असल्यामुळे प्रत्येक फळी जळताना दिसते. मग शेजारीपाजारी, गिऱ्हाइकं, टोळीवालेसुद्धा मदतीला येतात आणि दुकान पुन्हा उभं राहतं, हेही पटतं, कारण ती माणसं एकेक कप करून जोडलेली आहेत. आधीच्या पानांत असा पाऊस आणखी पडायला हवा होता.

अद्भुतकथांत दाराचं काय होतं हे बघत गेलं की मोठा खजिना हाती लागतो. टॉल्किनचं ‘द हॉबिट’ १९३७चं. बिल्बोच्या ऊबदार बिळाच्या दारावर थाप पडते, एकामागून एक बुटके आत येतात, कोठार रिकामं करतात आणि यजमानालाच घराबाहेर ओढून नेतात. ज्या क्षणी दार उघडतं त्या क्षणी गोष्ट सुरू होते. डायना विन जोन्सच्या १९८६मधल्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मध्ये शापाने म्हातारी झालेली सोफी एका चालत्या वाड्यात न विचारता शिरते, चुलीपाशी बसते आणि दुसऱ्या दिवसापासून वाडा झाडायला घेते. ती कावळ्याच्या जागी आहे आणि तिला आत जागा मिळाली आहे. विव्ह तर दुकानच काढते, म्हणजे ज्याचं दार कुणालाही लोटता येईल अशी जागा. ऑर्क, हॉब, उंदीर, जिच्याकडे लोक संशयाने बघतात अशी टँड्री, सगळ्यांना तिथे बाक आहे. इतका मोकळा उंबरा वाचताना मन भरून येतं. फक्त आत येणाऱ्यांपैकी जवळपास कुणीच खरोखर घातक नाही, म्हणून दार उघडं ठेवणं तिला फार महाग पडत नाही.

चिमणीला ते महाग पडू शकतं. कावळे चिमण्यांची अंडी आणि पिल्लं खातात, हे परसात डोळ्यांनी दिसणारं सत्य आहे. आत बाळ आहे, बाहेर कावळा आहे, आणि तो कावळा खरोखर भिजून कुडकुडतो आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. चिमणीचं बाळाला न्हाऊ घालणं ही माया आहे, टाळाटाळ आहे की भीती, हे गोष्ट सांगत नाही. शेवटही एक नाही. कुठे कावळा आत येऊन चुलीशी बसतो आणि गुपचूप खाऊ फस्त करतो, कुठे पिल्लंच खातो, कुठे चिमणी त्याला तापलेल्या तव्यावर बसवते आणि त्याला चटका बसतो. आताच्या चित्रांच्या पुस्तकांत बहुधा दोघं मित्र होतात. मुलांना घाबरवू नये या हेतूने केलेला हा बदल मला समजतो, पण मान्य नाही. मुलं या गोष्टीत ‘चिमणी दार का उघडत नाही’ असं हटकून विचारतात. त्या प्रश्नाला जागा उरली पाहिजे. घाईने मैत्री करून दिली की प्रश्न विचारायच्या आत उत्तर येऊन पडतं.

आणि शेणाचं घर कुणाचं? गावागावांतली मातीच्या भिंतींची, शेणाने सारवलेली घरं आठवा. ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या ऐकलेल्या मुलांपैकी बहुतेक त्याच घरांत झोपत होती. मेणाच्या घरात कुणीच राहत नव्हतं. तरी मुलं चिमणीच्या बाजूने ऐकत आली, आपल्या डोक्यावरचं छप्पर गळत असतानासुद्धा. ऊबदार गोष्टीची ही शक्ती विलक्षण आहे. गोष्ट चालू आहे तोवर ती ऐकणाऱ्याला कोरड्या बाजूला नेऊन बसवते. तिचा धोकाही तोच. एकदा कोरड्या बाजूला बसलं की बाहेर भिजणारा आपल्यापैकीच आहे, हे विसरायला होतं.

मराठी कादंबरीने सुरुवातीला अद्भुताशी मोठी मैत्री केली होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. त्यांतलं सगळं भव्य: संकटं, ताटातुटी, योगायोग, राजकुमार आणि राजकन्या. पुढे वास्तवाचा आग्रह आला आणि अद्भुत बालसाहित्यात जाऊन राहिलं. मोठ्यांसाठी लहानशा अद्भुताची कादंबरी, जिच्यात जगाचं भवितव्य पणाला नाही पण चुलीवरचं दूध उतू जाणं महत्त्वाचं आहे, मराठीत फारशी रुजली नाही. म्हणून जी. ए. कुलकर्णींचं ‘बखर बिम्मची’ हे १९८६मधलं पुस्तक मला फार मोलाचं वाटतं. नियतीच्या काळोखात माणसाला एकटं उभं करणाऱ्या कथाकाराने आयुष्याच्या उतारावर लहानग्या बिम्मचं जग लिहिलं, जिथे प्राणी-पक्षी त्याच्याशी सहज बोलतात. काळोख ओळखणाऱ्या हातानेच ही ऊब लिहिली आहे, आणि तिच्यातला सच्चेपणा मला तिथूनच आल्यासारखा वाटतो.

बाल्ड्रीलाही आपल्या प्रकाराची मर्यादा दिसली असावी. २०२३मध्ये त्याने विव्हच्या तरुणपणावर दुसरी कादंबरी लिहिली. २०२५मध्ये तिसरी आली, ‘ब्रिगँड्स अँड ब्रेडनाइव्ह्ज’. तिची नायिका फर्न ही पुस्तकविक्रेती. ती थूनमध्ये येते, विव्हच्या शेजारी तिचं पुस्तकाचं दुकान उभं राहतं. मित्र आहेत, गिऱ्हाइकं आहेत, दालचिनीचा वास आहे. आणि तिला आतून काहीच वाटत नाही. एका रात्री पिऊन ती कुणाच्या तरी गाडीत झोपून जाते, आणि जाग येते तेव्हा शहर मागे पडलेलं असतं. पुढची कादंबरी रस्त्यावर, एका म्हाताऱ्या एल्फ योद्धीबरोबर घडते. ऊबदार दुकानांसाठी ज्याचं नाव झालं, त्यानेच विचारलं की असं दुकान मिळूनही एखाद्याला ते पुरलं नाही तर?

डोमेग्रामला चक्रधरांभोवती जमलेल्या बायाबापड्यांना हा प्रश्न परका वाटला नसता. त्यांच्यातल्या पुष्कळांनी भरलं घर सोडलं होतं. मेणाच्या घराची गोष्ट ते ऐकत होते, आठवत होते, एकमेकांना सांगत होते, आणि अटनाला निघत होते. आज त्याच गोदाकाठी कुणी मराठी लेखिका बसली आणि ही गोष्ट जिथे थांबते तिथून पुढे लिहू लागली, तर तिच्यापुढे मोठं काम पडलं आहे: पाऊस उघडल्यावरची सकाळ, नवं घर बांधायला निघालेला कावळा, ते या खेपेला कशाचं बांधायचं याचा त्याचा हिशेब, आणि दहा महिन्यांनी येणारा वैशाख.